एका सर्व्हरवर पाच-सहा साइट असतील तर एनजिनएक्सच्या कॉन्फिग फाइली लावायच्या कशा

एनजिनएक्स म्हणजे सर्व्हरवरच्या साइट लोकांना दाखवणारा वेब सर्व्हर, आणि कुठली साइट कशी दाखवायची हे त्याला सांगणाऱ्या सेटिंगच्या फाइली म्हणजे कॉन्फिग. या फाइली नीट लावल्यात का नाही हे बघायची माझी एकच कसोटी आहे. सर्व्हरवरची कुठलीही एक साइट उद्या बंद करायची ठरली तर किती फाइलींना हात लावावा लागेल? एकीलाच लागत असेल तर मांडणी बरोबर आहे. तीन-चार फाइली उघडून त्यातल्या ओळी शोधशोधून काढाव्या लागत असतील, आणि काढताना शेजारची साइट बसेल का काय अशी धाकधूक होत असेल, तर पसारा झालाय असं समजा. नवीन साइट चढवणं कुणालाही जमतं हो, व्हिडिओ बघून पण जमतं. उतरवताना कळतं कुणी काय करून ठेवलंय ते.

पुण्यात सुटी कामं घेणाऱ्या आमच्यासारख्यांकडे साधारण एकच चित्र असतं. एक व्हीपीएस (भाड्याने घेतलेला आभासी सर्व्हर), त्यावर कोथरूडच्या एका सोसायटीची साइट, कर्वे रोडच्या कुठल्याशा मंगल कार्यालयाचं बुकिंग, सदाशिव पेठेतल्या खाणावळीचा मेनू आणि कुणाच्या तरी भाच्याच्या ट्रेकिंग ग्रुपची नोंदणी. प्रत्येक साइट वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या माणसाने चढवलेली, त्यामुळे फोल्डर उघडलं की आत डिफॉल्ट, डिफॉल्ट.बॅक, डिफॉल्ट-न्यू आणि सोसायटी-फायनल-२ असा संसार मांडलेला असतो आणि यातली चालू फाइल कोणती हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही.

मी इथे उबुंटू किंवा डेबियनवरचा एनजिनएक्स धरून चाललोय, अपाची हा दुसरा वेब सर्व्हर किंवा अल्मा-रॉकी हे लिनक्सचे दुसरे प्रकार वापरणाऱ्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलंय. कमांड आणि फोल्डरची नावं आपण बोलतो तशी लिहिलीयेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करा.

आधी काय चालू आहे ते बघा

लोक थेट फोल्डर उघडून फाइली हलवायला लागतात. तसं करू नका. आधी एनजिनएक्सला स्वतःला विचारा की बाबा तू नक्की काय वाचतोयस. त्यासाठी कमांड आहे सुडो एनजिनएक्स डॅश टी, आणि हा टी कॅपिटल. स्मॉल टी फक्त तपासतो, कॅपिटल टी तपासून वर सगळं कॉन्फिग स्क्रीनवर ओततो, आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर तो कुठल्या फाइलीतून आला ते पण लिहितो. हे सगळं आउटपुट एका फाइलीत घ्या आणि होम फोल्डरमध्ये ठेवून द्या. सुडो लावायला विसरू नका, नाहीतर सर्टिफिकेटची खाजगी की वाचता येत नाही म्हणून उगाच एरर येते आणि माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

त्या आउटपुटमधून ग्रेपने (मजकुरातून ओळी शोधणारी कमांड) सर्व्हर-नेमच्या, म्हणजे साइटच्या डोमेनच्या ओळी काढा, सॉर्ट करा, वेगळ्या फाइलीत ठेवा. ही झाली तुमची खरी यादी. फोल्डरमध्ये पंधरा फाइली दिसत असतील आणि इथे सहाच नावं असतील तर उरलेल्या फाइली मेलेल्या आहेत. आणखी एक करा, प्रत्येक साइटचे दोन-चार पत्ते घेऊन कर्लने (टर्मिनलमधून पान मागवणारी कमांड) फक्त स्टेटस कोड काढून लिहून ठेवा. मुखपृष्ठाला २०० (पान मिळालं), जुन्या पत्त्याला ३०१ (दुसरीकडे पाठवलं), अॅडमिनच्या पानाला ४०१ (लॉगिन मागितलं) असं जे काय असेल ते. आवराआवर संपल्यावर हेच परत चालवायचं आणि दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून बघायच्या.

आता एनजिनएक्स वाचतो कसा? सुरुवात स्लॅश ईटीसी स्लॅश एनजिनएक्समधल्या एनजिनएक्स.कॉन्फपासून. त्यात एचटीटीपी ब्लॉकमध्ये (ब्लॉक म्हणजे महिरपी कंसातला भाग) आपल्या कामाचे दोन इन्क्लूड, म्हणजे दुसऱ्या फाइली आत ओढणाऱ्या ओळी असतात, पहिला कॉन्फ.डी फोल्डरमधल्या डॉट-कॉन्फने संपणाऱ्या फाइलींचा आणि दुसरा साइट्स-एनेबल्डमधल्या सगळ्या फाइलींचा. सगळ्या म्हणजे खरंच सगळ्या, तिथे शेपटाची अट नाही. त्यामुळे कुणी साइट्स-एनेबल्डमध्ये जाऊन फाइल एडिट केली आणि जाता जाता सोसायटी.बॅक नावाची कॉपी तिथेच ठेवली तर ती पण वाचली जाते. मग टेस्टमध्ये कॉन्फ्लिक्टिंग सर्व्हर नेम अशी वॉर्निंग येते, पण टेस्ट पास होते, म्हणून कुणी लक्ष देत नाही. दोन्हीपैकी जी आधी वाचली जाते ती चालते, दुसरी दुर्लक्षित. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. एडिट केलेला बदल दिसतच नाहीये, कॅशे क्लिअर करून पण दिसत नाहीये, असं कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा हेच बघतो.

साइट्स-अव्हेलेबल (सगळ्या साइटच्या फाइली) आणि साइट्स-एनेबल्ड (त्यातल्या चालू साइटच्या लिंका) ही जोडी एनजिनएक्सची स्वतःची नाही बरं का, ती डेबियनची पद्धत आहे. एनजिनएक्सच्या अधिकृत रेपॉझिटरीतून पॅकेज घेतलंत तर ही दोन्ही फोल्डर येत नाहीत, फक्त कॉन्फ.डी येतं. म्हणून कुठल्या तरी लेखात बघून साइट्स-एनेबल्ड हाताने तयार केलं आणि साइट काही चालत नाही अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा मुख्य फाइलीत इन्क्लूडची ओळच नसते.

गिट, आणि ते आत्ताच

काही हलवायच्या आधी ईटीसी फोल्डर गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये घाला. इटीसीकीपर नावाचं पॅकेज एपीटीने इन्स्टॉल केलं की ते स्वतःच रेपो तयार करतं, आणि पुढे प्रत्येक वेळी पॅकेज टाकताना-काढताना आपोआप कमिट करतं, म्हणजे बदल नोंदवून ठेवतं. हाताने केलेला बदल इटीसीकीपर कमिट म्हणून दोन शब्दांचा मेसेज देऊन टाकायचा. यानंतर डॉट-बॅक, डॉट-ओल्ड, फायनल-२ या प्रकाराची गरजच संपते.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा, या रेपोत पासवर्डचे हॅश असतात आणि लेट्स-एन्क्रिप्टच्या (एचटीटीपीएससाठी फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) सर्टिफिकेटच्या खाजगी की पण असतात. हा रेपो गिटहबवर ढकलायचा नाही, प्रायव्हेट असला तरी नाही. बाहेर बॅकअप हवा असेल तर फक्त एनजिनएक्सचं फोल्डर वेगळं न्या, आणि त्यात बेसिक ऑथच्या पासवर्डची फाइल नाही ना ते बघून घ्या.

मुख्य फाइलीला हात लावायचा नाही

एनजिनएक्स.कॉन्फ पॅकेजबरोबर आलेली असते. तुम्ही त्यात दोन ओळी टाकल्यात आणि पुढे कधी पॅकेजवाल्यांनी पण ती फाइल बदलली, की अपग्रेडच्या मध्येच प्रश्न येतो, तुमची ठेवू का माझी घेऊ. ठरलेलं उत्तर तुमची ठेवण्याचं आहे, पण घाईत कुणी वाय दाबला की तुमच्या ओळी गेल्या, जुनी फाइल डॉट-डीपीकेजी-ओल्ड शेपूट लावून बाजूला पडते आणि कुणालाच कळत नाही. मुख्य फाइल जशीच्या तशी ठेवली तर हा प्रश्नच येत नाही.

मग सगळ्या साइटना लागू होणाऱ्या गोष्टी कुठे टाकायच्या? कॉन्फ.डीमध्ये, विषयवार छोट्या फाइली करून. लॉगचा फॉरमॅट, रेट लिमिटचे झोन (कोण किती वेगाने रिक्वेस्ट पाठवतंय याच्या नोंदींची जागा), वेबसॉकेटसाठी (सतत उघडं राहणारं कनेक्शन) लागणारा मॅप, असं जे जे फक्त एचटीटीपी पातळीवरच चालतं ते इथे. नावाआधी आकडा लावा, म्हणजे १०-लॉग.कॉन्फ, २०-लिमिट.कॉन्फ, ३०-मॅप.कॉन्फ. क्रम पण ठरतो आणि फोल्डर उघडल्यावर डोळ्यांना पण बरं वाटतं. एका मेगाबाइटच्या झोनमध्ये ६४-बिट सर्व्हरवर साधारण ८ हजार नोंदी बसतात, त्यामुळे कुठल्या तरी लेखातून १०० मेगाबाइटचा झोन कॉपी केला असेल तर खाणावळीच्या मेनूला एवढा लागत नाही. लिमिट ओलांडल्यावर ठरलेलं उत्तर ५०३ जातं, ते बदलून ४२९ करून ठेवा, नाहीतर लॉगमध्ये बॅकएंड, म्हणजे मागचं अॅप पडल्यासारखं दिसतं.

एक पथ्य पाळा, एखादा झोन किंवा अपस्ट्रीम (ज्या अॅपकडे एनजिनएक्स रिक्वेस्ट पुढे पाठवतो त्याचा पत्ता) एकाच साइटला लागत असेल तर तो कॉन्फ.डीमध्ये टाकू नका, त्या साइटच्याच फाइलीत सर्व्हर ब्लॉकच्या, म्हणजे साइटच्या सेटिंगच्या भागाच्या वर लिहा. साइटची फाइल एचटीटीपी ब्लॉकच्या आतच वाचली जाते, त्यामुळे ते चालतं. वर सांगितलेली कसोटी इथेच मोडते बहुतेक वेळा, साइट जाते आणि तिचा अपस्ट्रीम कॉन्फ.डीमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतो. त्यात होस्टनेम लिहिलेलं असेल तर आणखी गंमत, कारण एनजिनएक्स ही नावं सुरू होतानाच शोधतो, आणि त्या मेलेल्या साइटचं डीएनएस कुणी काढून टाकलं की सर्व्हर रीबूट झाल्यावर एनजिनएक्सच उठत नाही, होस्ट नॉट फाउंड इन अपस्ट्रीम म्हणून बसतो, आणि बाकीच्या चांगल्या साइट पण त्याच्याबरोबर झोपतात.

एक साइट, एक फाइल

फाइल साइट्स-अव्हेलेबलमध्ये, नाव पूर्ण डोमेनचं आणि शेवटी डॉट-कॉन्फ. एनजिनएक्सला इथे डॉट-कॉन्फ लागत नाही तरी लावा, एडिटरमध्ये रंग येतात आणि उद्या अपाचीवर गेलात तर सवय असते. सोसायटी, क्लायंट-१, न्यू-साइट अशी नावं नकोत. डोमेनचंच नाव असलं की लॉगची फाइल, सर्टिफिकेट, वेब रूट (साइटच्या पानांचं फोल्डर) आणि कॉन्फिग, चारही ठिकाणी एकच नाव दिसतं आणि शोधणं सोपं जातं.

चालू करायची तर साइट्स-एनेबल्डमध्ये सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलीकडे बोट दाखवणारी लिंक. एलएन डॅश एस देताना दोन्ही पाथ पूर्ण द्या, स्लॅश ईटीसीपासून. एनजिनएक्सच्या फोल्डरमध्ये उभं राहून अर्धवट पाथ दिलात तर लिंक तयार होते पण ती स्वतःच्या जागेपासून शोधते, म्हणजे साइट्स-एनेबल्डच्या आत आणखी एक साइट्स-अव्हेलेबल शोधते, जे नसतंच. एनजिनएक्सला तुटकी लिंक दिसली की नो सच फाइल म्हणून टेस्ट नापास होते. तुटक्या लिंका एकदम शोधायच्या तर फाइंडला डॅश एक्सटाइप एल द्या. आणि साइट्स-एनेबल्डमध्ये खरी फाइल कधीच नको, फक्त लिंका. एलएस डॅश एल मारल्यावर प्रत्येक ओळीत बाण दिसला पाहिजे.

आता फाइलीच्या आत. सोसायटीचं उदाहरण घेऊ. डोक्यावर पुणेरी पाटी लावा, म्हणजे चार ओळीत रोखठोक कॉमेंट. मी साधारण अशी लिहितो:

# सोसायटी, कोथरूड. देखभाल बिलं आणि नोटिसा.
# अॅप पोर्ट ३००१ वर, सर्व्हिसचं नाव सोसायटी-वेब.
# अपलोड २० एमबी, कारण सेक्रेटरी ऑडिट रिपोर्ट स्कॅन करून टाकतात. कमी करू नये.
# जुनं डोमेन ३०१ ने इकडे येतं, ते डोमेन रिन्यू होत असेपर्यंत ब्लॉक काढू नये.

कॉमेंट देवनागरीत लिहिलेली चालते, यूटीएफ-८ असलं की एनजिनएक्स काही कुरकुर करत नाही. फाइलींची नावं मात्र रोमनमध्येच ठेवा, रात्री मोबाइलवरून एसएसएच केलंत तर कीबोर्ड बदलत बसाल. कॉमेंटमध्ये काय आहे ते लिहू नका, ते खाली दिसतंच, का आहे ते लिहा. ती २० एमबीवाली ओळ बघा. एनजिनएक्समध्ये ठरलेली मर्यादा १ एमबीची असते, त्यापुढे ४१३ येतो, आणि सेक्रेटरी काकांना फक्त एवढंच कळतं की बिल चढत नाहीये. ती मर्यादा कुणी शहाण्याने नंतर साफसफाईत उडवली तर काकांचा फोन परत तुम्हालाच.

कॉमेंटखाली अपस्ट्रीम असेल तर अपस्ट्रीम, मग ८० पोर्टचा (साधं एचटीटीपी) ब्लॉक ज्याचं काम फक्त सर्टिफिकेटचा चॅलेंज (डोमेन तुमचंच आहे याची परीक्षा) दाखवणं आणि बाकी सगळं ४४३ वर (एचटीटीपीएस) पाठवणं, मग जुन्या डोमेनचा किंवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा रीडायरेक्ट ब्लॉक, आणि शेवटी खरा ब्लॉक. त्या खऱ्या ब्लॉकमध्ये पण क्रम एकच ठेवा, लिसन, सर्व्हर-नेम, सर्टिफिकेट, लॉग, रूट, मर्यादा आणि मग लोकेशन, म्हणजे साइटच्या कुठल्या पत्त्याला काय करायचं ते सांगणारे भाग. सगळ्या साइटमध्ये हाच क्रम असला की दोन फाइली डिफने शेजारी लावता येतात आणि फरक तेवढाच दिसतो. रीडायरेक्टसाठी इफ वापरू नका, वेगळा सर्व्हर ब्लॉक करून त्यात रिटर्न ३०१ लिहा. लोकेशनच्या आत इफ लावल्यावर काय काय विचित्र होतं याबद्दल एनजिनएक्सच्या विकीवर वेगळं पानच आहे.

एचटीटीपी-२ ची ओळ आवृत्ती बघून लिहा. १.२५.१ पासून एचटीटीपी-२ ऑन ही वेगळी ओळ आली आणि लिसनच्या ओळीत लिहायची जुनी पद्धत कालबाह्य ठरवली, पण उबुंटू २४.०४ मध्ये १.२४ आहे आणि २२.०४ मध्ये तर १.१८, तिथे नवी ओळ टाकलीत की अननोन डायरेक्टिव्ह. एनजिनएक्स डॅश व्ही मारून आधी बघा.

स्निपेट, आणि त्यातली मेख

तीन साइटमध्ये तेच हेडर (रिक्वेस्ट किंवा उत्तराबरोबर जाणाऱ्या माहितीच्या ओळी), तेच प्रॉक्सीचे सेटिंग परत परत लिहिलेले दिसले की हात शिवशिवतात, सगळं काढून स्निपेट्स फोल्डरमध्ये टाकू आणि इन्क्लूड करू. करा, पण हिशोबात. मी तीनच स्निपेट ठेवतो, टीएलएसचे (एचटीटीपीएसचे) सेटिंग, प्रॉक्सीचे हेडर आणि सिक्युरिटी हेडर. चौथा चॅलेंजचा, तो पुढे येईल. त्यापुढे गेलात की साइटची फाइल म्हणजे नुसती इन्क्लूडची यादी होते आणि काय चाललंय ते कळायला सहा फाइली उघडाव्या लागतात.

आता मेख. अॅड-हेडर ही ओळ वरच्या पातळीवरून खाली उतरते, पण खालच्या पातळीवर एक जरी अॅड-हेडर असेल तर वरचे सगळेच्या सगळे गळतात. भर पडत नाही, बदली होते. म्हणजे तुम्ही सर्व्हर ब्लॉकमध्ये सिक्युरिटीचे चार हेडर इन्क्लूड केलेत, एचएसटीएस, एक्स-फ्रेम-ऑप्शन्स वगैरे, आणि फोटोंच्या लोकेशनमध्ये कॅशेसाठी एकच अॅड-हेडर टाकलंत, की त्या लोकेशनमध्ये ते चारही गेले. एरर नाही, वॉर्निंग नाही. मुखपृष्ठ तपासलं तर सगळे हेडर दिसतात, त्यामुळे कुणाला शंका पण येत नाही. प्रॉक्सी-सेट-हेडरचं पण अगदी हेच. सर्व्हर पातळीवर होस्ट आणि एक्स-फॉरवर्डेड-फॉर लिहिलंत आणि वेबसॉकेटच्या लोकेशनमध्ये अपग्रेडची एक ओळ टाकलीत, की तिथे होस्ट परत मूळच्या ठरलेल्या किमतीवर जातो, म्हणजे अॅपला तुमच्या डोमेनऐवजी अपस्ट्रीमचं नाव मिळतं आणि लॉगिन केलं की भलतीकडेच रीडायरेक्ट.

म्हणून माझा नियम असा की हे दोन स्निपेट सर्व्हर पातळीवर टाकून विसरायचं नाही, ज्या लोकेशनमध्ये त्या प्रकारची स्वतःची ओळ आहे तिथे स्निपेट परत इन्क्लूड करायचा. दिसायला पुनरुक्ती वाटते, वाटू दे. आणि हेडरच्या ओळीला शेवटी ऑलवेज लावा, नाहीतर ४०४ आणि ५०० च्या पानांवर ते हेडर जात नाहीत. तपासताना कर्ल डॅश आय फक्त मुखपृष्ठावर चालवू नका, एक फोटो, एक एपीआयचा पत्ता आणि एक मुद्दाम चुकीचा पत्ता, तिन्हीवर चालवा.

कुणाचीच नाही ती रिक्वेस्ट

सर्व्हरच्या आयपीवर थेट कुणी आलं, किंवा कुणी भलतंच डोमेन तुमच्या आयपीकडे वळवलं, तर एनजिनएक्स काय दाखवतो? डिफॉल्ट-सर्व्हर म्हणून सांगितलेला ब्लॉक, आणि तो नसेल तर त्या पोर्टवर पहिला वाचलेला ब्लॉक. नावाच्या क्रमाने पहिला. म्हणजे आयपी टाकला की कुणाची तरी साइट उघडते आणि ती कुणाची हे फक्त अक्षरावर ठरतं. मंगल कार्यालयाच्या मालकांना गूगलमध्ये आपल्या पानांऐवजी नुसता आयपी दिसला की ते विचारणारच.

यासाठी ००-डिफॉल्ट.कॉन्फ अशी एक फाइल करा, ८० वर डिफॉल्ट-सर्व्हर, आत रिटर्न ४४४, म्हणजे उत्तर न देता कनेक्शन बंद. ४४३ साठी १.१९.४ पासून एसएसएल-रिजेक्ट-हँडशेक मिळतं, सर्टिफिकेट न देताच नाही म्हणता येतं. २२.०४ वर ते नाही, तिथे एसएसएल-सर्ट पॅकेजचं स्नेकऑइल (स्वतःच सही केलेलं) सर्टिफिकेट लावून ४४४ द्या. पॅकेजबरोबर आलेल्या डिफॉल्टची लिंक आधी काढा, नाहीतर डुप्लिकेट डिफॉल्ट सर्व्हर म्हणून टेस्ट अडकते.

सर्टिफिकेट

सर्टबॉट या सर्टिफिकेट आणणाऱ्या प्रोग्रामला डॅश-डॅश-एनजिनएक्स देऊन चालवलं की तो तुमच्या फाइलीत स्वतःच्या ओळी घालतो, प्रत्येकीपुढे मॅनेज्ड बाय सर्टबॉट लिहून. एकाच साइटला ठीक आहे. पाच-सहा साइटची नीट लावलेली मांडणी असेल तर मला ते चालत नाही, तो रीडायरेक्टचा ब्लॉक त्याच्या पद्धतीने इफ घालून लिहितो आणि आपला क्रम मोडतो. त्यापेक्षा सर्टओन्ली आणि वेबरूट वापरा. सगळ्या साइटसाठी एकच चॅलेंज फोल्डर, समजा स्लॅश व्हार स्लॅश डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू स्लॅश लेट्सएन्क्रिप्ट, आणि त्याचं लोकेशन एका स्निपेटमध्ये, जो प्रत्येक ८० च्या ब्लॉकमध्ये इन्क्लूड. रीडायरेक्ट पण एका लोकेशनच्या आत ठेवा, सर्व्हर पातळीवर रिटर्न लिहिलंत तर चॅलेंज पण त्यात वाहून जातो.

नव्या साइटच्या वेळी अडचण अशी की ४४३ चा ब्लॉक लिहिला तर सर्टिफिकेट अजून नाही म्हणून टेस्ट नापास, आणि टेस्ट नापास म्हणून सर्टिफिकेट मिळत नाही. तर आधी फक्त ८० चा ब्लॉक, रीलोड, सर्टिफिकेट घ्या, मग ४४३ चा ब्लॉक. रिन्यू झाल्यावर एनजिनएक्सला रीलोड द्यावाच लागतो, तो आपणहून नवी फाइल उचलत नाही. त्यासाठी लेट्सएन्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये रिन्यूअल-हुक्सखाली डिप्लॉय आहे, तिथे एक रीलोडची छोटी स्क्रिप्ट टाकून एक्झिक्युटेबल करा. ९० दिवसांचं सर्टिफिकेट आहे, आणि जून २०२५ पासून लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याचे ईमेल पाठवणं बंद केलंय, त्यामुळे ईमेलच्या भरवशावर असाल तर स्वतःचं काहीतरी मॉनिटरिंग लावा.

लॉग

प्रत्येक साइटचे लॉग वेगळे, पण वेगळ्या फोल्डरमध्ये नकोत. डेबियनचं लॉगरोटेट, म्हणजे जुने लॉग बाजूला काढून पुसणारा प्रोग्राम, फक्त एनजिनएक्सच्या लॉग फोल्डरमधल्या डॉट-लॉग फाइली बघतं, आतल्या फोल्डरमध्ये शिरत नाही. साइटवार फोल्डर केलेत की ते लॉग कधीच फिरत नाहीत आणि लग्नसराईत कधीतरी डिस्क भरते. डोमेन.अॅक्सेस.लॉग आणि डोमेन.एरर.लॉग अशी नावं देऊन सगळे तिथेच ठेवा. फोल्डर करायचेच असतील तर लॉगरोटेटची फाइल पण बदला, आणि फोल्डर आधी हाताने तयार करा, एनजिनएक्स करून देत नाही.

प्रत्यक्ष आवरताना

सगळं एकदम हलवू नका. एका वेळी एक साइट, सगळ्यात बिनमहत्त्वाची आधी, आमच्याकडे ट्रेकिंग ग्रुपची, कारण पावसाळा सोडून तिकडे कुणी फिरकत नाही. नवी फाइल लिहायची, जुनी लिंक काढून नवी लावायची, स्मॉल टीने टेस्ट, रीलोड, स्टेटस कोडची यादी परत चालवून बघायची, कमिट. मग पुढची साइट. मंगल कार्यालयाला एप्रिल-मेमध्ये हात लावायचा नाही, एवढं तर कुणाला सांगायला नको.

रीलोडच द्या, रीस्टार्ट नको. रीलोडमध्ये कॉन्फिग चुकीचं असेल तर जुनेच वर्कर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस) जुन्या कॉन्फिगवर चालू राहतात, बरोबर असेल तर नवे वर्कर उभे राहतात आणि जुने हातातलं काम संपवून जातात. रीस्टार्टमध्ये आधी सगळं बंद होतं आणि मग चूक कळते. टेस्ट आणि रीलोड मध्ये दोन अँपरसँड देऊन एकाच ओळीत लिहायची सवय लावा, टेस्ट नापास झाली तर पुढचं चालतच नाही. डीएनएस न बदलता नवी साइट तपासायची असेल तर कर्लला डॅश-डॅश-रिझॉल्व्ह देऊन डोमेन, पोर्ट आणि आयपी सांगता येतो, होस्ट्स फाइल बदलून नंतर विसरण्यापेक्षा हे बरं.

साइट उतरवायची तेव्हा क्रम महत्त्वाचा. आधी लिंक काढा, टेस्ट, रीलोड. मग सर्टबॉट डिलीट, सर्ट-नेम देऊन. उलटं केलंत तर कॉन्फिगमध्ये सर्टिफिकेटचा पाथ राहतो, फाइल नसते, आणि पुढच्या टेस्टला सगळंच अडतं. आणि सर्टिफिकेट तसंच ठेवलंत तर सर्टबॉट दर वेळी ते रिन्यू करायला जातो, डोमेन दुसरीकडे गेलेलं असतं, आणि लॉगमध्ये फेल्युअरचा रतीब सुरू होतो ज्यात खरं फेल्युअर हरवतं. त्यानंतर अॅपची सर्व्हिस, लॉग, वेब रूट, डेटाबेस. साइट्स-अव्हेलेबलमधली फाइल पण काढा, गिटमध्ये आहे ती.

अपाची आणि अल्मावाल्यांसाठी

डेबियनवर अपाचीमध्ये ही सगळी मांडणी आधीच जास्त नीट आहे, साइट्स, कॉन्फ आणि मॉड्स या तिन्हीच्या अव्हेलेबल-एनेबल्ड जोड्या, आणि लिंका हाताने करायच्या नाहीत, एटूएनसाइट आणि एटूडिससाइट वापरायचं. २.४ पासून फाइलीचं नाव डॉट-कॉन्फने संपलं पाहिजे, नाहीतर वाचलीच जात नाही, म्हणून इथे डॉट-बॅकचा त्रास कमी. पहिली फाइल ०००-डिफॉल्ट.कॉन्फ असते ती याच कारणाने, कुणाचीच नसलेली रिक्वेस्ट पहिल्या व्हर्च्युअल होस्टकडे जाते. आणि अपाचीसीटीएल डॅश कॅपिटल एस ही कमांड पाठ करा, कुठला डोमेन कुठल्या फाइलीतल्या कितव्या ओळीवर आहे ते सरळ सांगते. एचटीअॅक्सेसच्या (वेब रूटमधल्या फोल्डरवार सेटिंगच्या) फाइली शक्य तेवढ्या साइटच्या कॉन्फिगमध्ये हलवा आणि अलाउ-ओव्हरराइड नन करा, नाहीतर अपाची प्रत्येक रिक्वेस्टला वरपासून खालपर्यंत प्रत्येक फोल्डरमध्ये ती फाइल शोधत जातो, आणि मांडणीच्या दृष्टीने पण कॉन्फिग वेब रूटमध्ये विखुरलेलं राहतं जिथे एफटीपीवाला कुणीही ते बदलू शकतो.

अल्मा किंवा रॉकीवर साइट्स-एनेबल्ड नाही. तिथे ते ओढूनताणून आणू नका, कॉन्फ.डीमध्येच डोमेन.कॉन्फ ठेवा आणि बंद करायची असेल तर नाव बदलून डोमेन.कॉन्फ.ऑफ करा. तिथली खरी अडचण एसई-लिनक्स, म्हणजे फाइलींवरच्या लेबलांवरून परवानगी ठरवणारी जादा सुरक्षा. होम फोल्डरमध्ये लिहिलेली फाइल एमव्हीने हलवलीत तर तिच्याबरोबर होमचं लेबल येतं आणि परमिशन बरोबर दिसत असूनही एनजिनएक्सला ती वाचता येत नाही. रिस्टोरकॉन चालवून लेबल दुरुस्त करा, किंवा एमव्हीऐवजी सीपी वापरा. प्रॉक्सीला ५०२ येत असेल आणि एरर लॉगमध्ये परमिशन डिनाइड दिसत असेल तर सेटसीबूलने एचटीटीपीडी-कॅन-नेटवर्क-कनेक्ट चालू करा, डॅश कॅपिटल पी लावून, नाहीतर रीबूटनंतर परत तेच. एसई-लिनक्सच बंद करून टाका असा सल्ला सगळीकडे मिळेल, तो क्लायंटच्या सर्व्हरवर तरी घेऊ नका.